पाळी कमी जाते तेव्हा: अल्प रक्तस्राव कसा समजून घ्यावा

‘दोनच दिवस जाते, तेही डागच लागतात, पाळी साफ होत नाही, घाण आतच साठते,’ ही तक्रार स्त्रीरोगतज्ज्ञांना रोज ऐकावी लागते, आणि तिच्यातील पहिला भाग जितका लक्ष देण्याजोगा असतो तितकाच दुसरा भाग चुकीचा असतो. पाळीचे रक्त म्हणजे शरीरातील घाण नव्हे. दर महिन्याला इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे गर्भाशयाचे आतले अस्तर जाड होते, बीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन त्याला स्थैर्य देते, आणि गर्भ राहिला नाही की दोन्ही संप्रेरकांची पातळी उतरून ते अस्तर थोड्या रक्तासह गळून पडते. अस्तर जाड झाले असेल तर जास्त जाते, पातळ राहिले असेल तर कमी जाते. जे तयारच झाले नाही ते आत साठून राहण्याचा प्रश्न येत नाही. ‘पाळी कमी झाली म्हणून वजन वाढले’ हेही बहुधा उलटे लावलेले कोडे असते, कारण वजन आणि पाळी ही दोन्ही एकाच तिसऱ्या कारणाने, उदाहरणार्थ पीसीओएस या बीजकोषांच्या व संप्रेरकांच्या विकाराने, बदललेली असू शकतात. रक्त खरोखरच आत अडकते अशी एक विरळ परिस्थिती आहे. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

कमी म्हणजे किती कमी, हे आधी ठरवावे लागते. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे चहाचे सहा ते आठ चमचे रक्त जाते, आणि ८० मिलिलिटरच्या वर गेल्यास तो अतिस्राव मानला जातो. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१८ मध्ये सुधारलेल्या व्याख्येनुसार दोन पाळ्यांच्या पहिल्या दिवसांमधले अंतर २४ ते ३८ दिवस आणि रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत असणे स्वाभाविक आहे. या व्याख्येत दिवसांची कमाल मर्यादा दिलेली आहे, किमान दिवसांची अट घातलेली नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांत दोन दिवसांपेक्षा कमी चालणाऱ्या पाळीला ‘हायपोमेनोरिया’ म्हटलेले आढळते, आणि अनेक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आजही तोच शब्द असतो. तो शब्द पाहून घाबरू नये, कारण ते एका लक्षणाचे नाव आहे, आजाराचे नव्हे. ज्या स्त्रीला पहिल्यापासूनच दोन दिवस पाळी येते, वेळेवर येते, आणि जिच्या आईची किंवा बहिणीचीही तशीच आहे, तिच्यासाठी ती पाळी पूर्ण आहे. काळजीपूर्वक पाहायचे असते ते बदलाकडे: चार-पाच दिवस जाणारी पाळी दीड दिवसावर आली, आणि तीन महिने तशीच राहिली, तर त्यामागे कारण शोधावे.

हा बदल खरा आहे की भासणारा, हे तपासण्यासाठी तीन पाळ्यांची नोंद ठेवावी. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर नुसती फुली मारण्याची पद्धत चांगलीच आहे, पण तेवढ्याने भागत नाही. लाल रक्त सुरू झाल्याचा दिवस हा पहिला दिवस धरावा. त्याआधी लागलेले तपकिरी डाग वेगळे लिहावेत. रोज किती पॅड बदलले यापेक्षा ते किती भिजलेले होते, हे लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण प्रवासात किंवा कामाच्या ठिकाणी पॅड वेळेवर बदलता येत नाही आणि घरी असताना तो कोरडा असूनही बदलला जातो. रंग, गाठी, पोटदुखी, त्या महिन्यात घेतलेली औषधे, आजारपण आणि वजन यांचीही एकेक ओळ असावी. घडीचे कापड सोडून जेलचे पॅड वापरू लागलेल्या स्त्रीला रक्त एकदम कमी झाल्यासारखे वाटते, कारण ते पॅड ओलावा आत ओढून घेऊन वरून कोरडे दिसतात. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांचे काम सर्वांत सोपे असते: अनेक कपांवर मिलिलिटरच्या खुणा असतात, आणि तेथे अंदाजाला जागा उरत नाही.

नोंदीची वाट न पाहता, शरीरसंबंध आलेला असल्यास, सर्वांत आधी करायची गोष्ट म्हणजे गर्भचाचणी. ‘पाळी तर आली, मग दिवस कसे जातील?’ हा युक्तिवाद अनेकींना महागात पडतो. बीज फळल्यानंतर साधारण १० ते १४ दिवसांनी, म्हणजे नेमक्या पाळीच्या तारखेच्या आसपास, काहींना एक-दोन दिवस हलके डाग लागतात आणि तीच ‘कमी गेलेली पाळी’ समजली जाते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीवर सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करावी. आशाताईंकडे किंवा सरकारी आरोग्य केंद्रात ‘निश्चय’ हा संच मोफत मिळतो. उत्तर नकारार्थी आले आणि शंका उरली, तर तीन-चार दिवसांनी पुन्हा करावी. तांबी (कॉपर-टी) बसवलेल्या स्त्रियांनी तर ही चाचणी टाळूच नये. तांबीमुळे पाळी सहसा वाढते. ती असताना अचानक कमी झालेली पाळी तांबीने समजावता येत नाही.

येथे थोडे थांबून एक धोका स्पष्ट सांगायला हवा. चाचणी होकारार्थी आहे किंवा पाळीची तारीख उलटली आहे, गडद तपकिरी रक्त थोडे थोडे जाते आहे, ओटीपोटात एका बाजूला कळ येते आहे, आणि त्यातच चक्कर किंवा खांद्याच्या टोकाशी दुखणे सुरू झाले, तर गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजलेला असू शकतो. बाहेर दिसणारे रक्त चमचाभर असते आणि पोटात मात्र मोठा रक्तस्राव होत असतो. अशा वेळी सोनोग्राफीची वेळ घेत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

गर्भधारणा नाही हे ठरल्यावर दुसरा प्रश्न औषधांचा. गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना अस्तर मुळातच पातळ राहते. माला-एन, माला-डी किंवा तत्सम पाकिटातील शेवटच्या गोळ्यांच्या काळात येणारा रक्तस्राव हा संप्रेरके थांबल्याने आलेला असतो, आणि तो हळूहळू डागांवर येणे अपेक्षितच आहे. दर तीन महिन्यांनी घ्यावयाच्या ‘अंतरा’ इंजेक्शनवर पहिल्या वर्षाअखेर सुमारे निम्म्या स्त्रियांची पाळी पूर्ण थांबते, आणि इंजेक्शन बंद केल्यावर ती पूर्ववत होण्यास काही महिने लागतात. संप्रेरक सोडणाऱ्या तांबीने, म्हणजे मिरेनासारख्या साधनाने, पाळी कमी करणे हा तर अनेकदा उपचाराचाच हेतू असतो; ५२ मिलिग्रॅमचे साधन बसवलेल्यांपैकी पाचातील एकीची पाळी वर्षभरात थांबते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली ‘छाया’ ही गोळी संप्रेरकाची नाही, तरीही तिच्यामुळे काहींची पाळी लांबते आणि हलकी होते. ही सर्व परिणामांची यादी साधन देतानाच सांगितली जायला हवी. ती सांगितली जात नाही म्हणून स्त्रिया घाबरून चांगले चाललेले साधन मध्येच सोडतात, हे मला या विषयातले मोठे नुकसान वाटते.

आपल्याकडची आणखी एक खास सवय म्हणजे गौरी-गणपती, लग्न किंवा सत्यनारायणासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेणे. त्या बहुतेक नॉरएथिस्टेरॉनच्या असतात, बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, आणि त्या महिन्याची पाळी नेहमीसारखी नसली तर त्यात नवल नाही. संबंधांनंतर ७२ तासांत घेतलेल्या तातडीच्या गोळीनेही पुढची पाळी मागे-पुढे, कमी-जास्त होते. असा महिना नोंदीत धरू नये. पुढच्या दोन पाळ्यांवरून मत बनवावे. मात्र तातडीच्या गोळीनंतर तीन आठवड्यांत नेहमीसारखी पाळी आली नाही, तर गर्भचाचणी करावीच.

औषधांच्याच यादीत एक अनपेक्षित नाव येते. ॲसिडिटीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या अनेक कॅप्सूलमध्ये आम्लनाशकाबरोबर डॉमपेरिडोन असते, आणि ते प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक वाढवते. उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड आणि मानसिक आजारांवरील रिस्पेरिडोनसारखी काही औषधेही तेच करतात. प्रोलॅक्टिन वाढले की बीज तयार होण्याची साखळी मंदावते, पाळी हलकी किंवा लांब होते, आणि बाळ अंगावर पीत नसतानाही स्तनांतून दूध येऊ शकते. हेच मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीवरील छोट्या गाठीमुळेही होते. दुधाबरोबर डोकेदुखी किंवा दृष्टीच्या कडा अंधुक होणे असेल, तर तपासणीला उशीर करू नये. मानसिक आजाराची औषधे मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांनाच हा बदल सांगावा.

आता नोंद हातात घेऊन तिच्यातला नमुना वाचावा. पाळी वेळेवर येते आहे पण कमी आहे, की ती लांबतही आहे आणि कमीही आहे, हा फरक फार उपयोगी पडतो. वेळेवर येणारी पाळी बहुधा असे सांगते की बीजकोष आपले काम करत आहेत. तेव्हा लक्ष गर्भाशयाच्या अस्तराकडे वळवावे. वेळ आणि प्रमाण दोन्ही बिघडले असतील, तर बीज नियमित सुटत नसल्याची शक्यता अधिक असते, आणि शोध संप्रेरकांकडे जातो.

या दुसऱ्या गटात थायरॉइड, पीसीओएस आणि वजन ही नेहमीची कारणे आहेत. थायरॉइड वाढलेले असताना पाळी कमी होणे, छातीत धडधडणे, हात थरथरणे, उकाडा सहन न होणे आणि खाऊनही वजन उतरणे असे चित्र दिसते. थायरॉइड कमी असताना पाळी सहसा वाढते, पण ती कमी झालेल्याही स्त्रिया असतात, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करणे दोन्हीकडे योग्य. पीसीओएसमध्ये पाळी दोन-दोन महिने येत नाही, आली तर कधी डागच लागतात आणि कधी एकदम धो धो जाते. येथे ‘कमी’ या शब्दाचे दोन अर्थ मिसळू देऊ नयेत. कमी प्रमाणात पण दर महिन्याला येणारी पाळी बहुधा निरुपद्रवी असते. तीन महिन्यांपेक्षा जास्त खंड पडणारी पाळी तशी नसते, कारण प्रोजेस्टेरॉन न मिळालेले अस्तर गळून न पडता वाढत राहते आणि वर्षानुवर्षे तसेच चालल्यास त्यात घातक बदल होऊ शकतात.

वजनाच्या बाबतीत मला विशेष काळजी वाटते ती पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या, कबड्डी किंवा ॲथलेटिक्सचा सराव करणाऱ्या आणि घरी मात्र पूर्वीइतकेच, किंवा त्याहून कमी, जेवणाऱ्या मुलींची. शरीराला मिळणारी ऊर्जा खर्चाला पुरेनाशी झाली की मेंदू आधी पाळीवर काटकसर करतो: ती हलकी होते, लांबते, मग थांबते. ‘बरे झाले, कटकट गेली’ असे मैदानावर म्हटले जाते; पण इस्ट्रोजेन कमी पडल्याने याच वयात घट्ट व्हायची हाडे ठिसूळ राहतात आणि पायाच्या हाडांना बारीक तडे जातात. औषधापेक्षा येथे भाकरी, डाळ, दूध, अंडी यांचे प्रमाण वाढवणे आणि सराव थोडा कमी करणे हा खरा उपचार असतो. परीक्षेचा ताण, टायफॉइड-डेंग्यूसारखे आजारपण किंवा झपाट्याने वजन उतरवणारा आहार यांनीही एक-दोन पाळ्या हलक्या जातात आणि बहुधा आपोआप सुधारतात.

पाळी वेळेवर येऊन कमी झालेल्यांना एक प्रश्न विचारलाच पाहिजे: याआधी क्युरेटिंग झाले होते का? गर्भपातानंतर किंवा बाळंतपणात वार अडकल्यामुळे ‘पिशवी साफ’ करताना अस्तराचा खोल थर खरवडला गेला, तर गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटून आत जाळी तयार होऊ शकते. जोसेफ ॲशरमन यांनी १९४८ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. संप्रेरकांच्या तपासण्या सगळ्या ठीक येतात, साधी सोनोग्राफीही कधी कधी ठीक दिसते, पण पाळी क्युरेटिंगनंतरच कमी झालेली असते आणि पुढे दिवस राहत नाहीत किंवा गर्भ टिकत नाही. निदान आणि उपचार दोन्ही दुर्बिणीने, म्हणजे हिस्टेरोस्कोपीने, होतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना धारदार खरवडण्याऐवजी निर्वात पंपाच्या पद्धतीची शिफारस करते. चिकटलेला भाग गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, किंवा तोंडावरील शस्त्रक्रियेनंतर ते आकसले असेल, तर दर महिन्याला कळा येतात आणि रक्त मात्र थेंबभर दिसते; सुरुवातीला उल्लेख केलेली, रक्त खरोखर आत अडकण्याची परिस्थिती ती हीच. जिची पाळी अजून सुरू झालेली नाही पण दर महिन्याला ओटीपोटात दुखते, अशा मुलीतही जन्मजात अडथळा असू शकतो.

भारतात यापुढचे नाव क्षयरोगाचे घ्यावे लागते. फुप्फुसातून रक्तावाटे आलेला टीबी आधी गर्भनलिकांत आणि मग अनेकींच्या अस्तरात बसतो. ना खोकला, ना ताप, फक्त पाळी वर्षा-दोन वर्षांत आटत जाते आणि मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावर तो सापडतो. निदान अस्तराचा तुकडा काढून त्याची सूक्ष्मदर्शकाखाली, सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणे) अशी तपासणी करून होते. रक्तातील प्रतिपिंडांवरून टीबी ठरवणाऱ्या चाचण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे, तेव्हा केवळ तशा अहवालावर सहा महिन्यांची औषधे सुरू होत असतील तर दुसरे मत घ्यावे. ही औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात.

बाळंतपणात फार रक्त गेले, त्यानंतर अंगावर दूधच आले नाही, पाळी परतली नाही किंवा नावापुरती आली, आणि थकवा सरता सरत नाही, अशी हकिगत असेल तर ती जशीच्या तशी डॉक्टरांना सांगावी. रक्तपुरवठा तुटल्यामुळे पियुषिका ग्रंथी निकामी होण्याच्या या विकाराला, १९३७ मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या हॅरॉल्ड शीहान यांच्यावरून, शीहान सिंड्रोम म्हणतात. तो वर्षानुवर्षे ‘अशक्तपणा’ या नावाखाली दडून राहू शकतो.

वयाचे दोन्ही टोक थोडक्यात. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती अनियमित व कमी-जास्त असणे स्वाभाविक आहे. मात्र पंधराव्या वर्षापर्यंत सुरूच झाली नाही तर दाखवावे. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, म्हणून चाळिशीनंतर ती हलकी होत जाणे बहुधा वयाचे असते, आणि चाळिशीच्या आत गरम वाफा येऊन कमी झाली तर बीजकोष लवकर थकल्याची तपासणी करावी. सलग बारा महिने पाळी न आल्यानंतर लागलेला एकही डाग ही ‘पुन्हा आलेली पाळी’ समजू नये. तो आठवड्याभरात तपासून घ्यावा, कारण त्यामागे कर्करोग असू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना नोंद, जुने शस्त्रक्रियेचे कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत. गर्भचाचणी, हिमोग्लोबिन, टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी एवढ्याने बहुतेकींचे उत्तर मिळते. एफएसएच (बीजकोषांना चालना देणारे संप्रेरक) व तत्सम तपासण्या पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी कराव्या लागतात. प्रोलॅक्टिनचे रक्त उठल्या उठल्या देऊ नये, दोन-तीन तासांनी शांतपणे द्यावे. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या थायरॉइडचा अहवाल चुकवू शकतात. डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवाव्यात. संबंध आलेले नसलेल्या मुलीची सोनोग्राफी लघवी भरून पोटावरूनच केली जाते, हे तिला आणि आईला आधी सांगितले तर निम्मी भीती जाते.

औषधाच्या दुकानातून ‘पाळी आणायची गोळी’ विचारून घेऊ नये, आणि गर्भपाताच्या गोळ्या तर त्या नावाखाली मुळीच घेऊ नयेत. तीळ, गूळ, ओवा, पपई आवडीने खायला हरकत नाही. त्यांनी पातळ अस्तर जाड होत नाही. पाळी कमी जाते म्हणून गर्भाशय काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तेथून उठून दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली होती.

कारण सापडल्यावर उपचार त्या कारणाचा होतो, आणि अनेकींना काहीच उपचार लागत नाही. डॉक्टरांनी संप्रेरकांच्या गोळ्या देऊन पाळी आणली असेल, तर गोळ्या चालू असताना भरपूर गेले म्हणून कारण मिटले असे धरू नये, कारण तो रक्तस्राव गोळ्यांचा असतो. गोळ्या संपल्यानंतरच्या तीन पाळ्यांची नोंद पुन्हा ठेवावी आणि तीच घेऊन पुढच्या भेटीला जावे.